खोलीचं भाडं शून्य

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला मुंबईतल्या एखाद्या मोठ्या पंचतारांकित हॉटेलच्या लॉबीत जरा वेळ बसलं, की काउंटरवर येणाऱ्या पाहुण्यांचे दोन गट पडलेले दिसतात. एक गट कंपनीच्या पैशाने आलेला. चाकांची एक बॅग, कानाला फोन, आणि आधार कार्ड पुढे करतानाही फोनवरचं बोलणं चालूच. दुसरा गट सहकुटुंब येतो. तीन बॅगा, खाऊची एक कापडी पिशवी, ‘स्विमिंग पूल कितीपर्यंत चालू असतो’ हे दोनदा विचारून झालेली मुलं, आणि लॉबीतली फुलं खरी आहेत की प्लॅस्टिकची हे लांबूनच निरखणारी आजी.

लोअर परळच्या एका हॉटेलात असंच एक चौघांचं कुटुंब ठाण्याहून आलं होतं. मुलगा सॉफ्टवेअर कंपनीत, सून शाळेत शिक्षिका, आठवीतली नात आणि आजी. काउंटरवरच्या मुलीने हसून सांगितलं, “सर, बुकिंग पॉइंट्सवर आहे, त्यामुळे रूमचा चार्ज काही नाही. इतर खर्चासाठी कार्डवर दहा हजारांचा होल्ड घेते.”

आजींना हे काही पटलं नाही. “काही नाही म्हणते आणि दहा हजार घेते?”

“अगं आई, घेत नाहीत, अडवून ठेवतात. उद्या निघताना सुटतात.”

“म्हणजे खोली खरंच फुकट?”

या लेखासाठी संपादकांनी दिलेला विषय नेमका हाच होता: फुकट. आणि फुकटाचा सगळ्यात चकचकीत नमुना शोधायचा, तर तो इथे, संगमरवरी काउंटरवर सापडतो. त्या रात्रीचं त्या खोलीचं भाडं अठरा हजार रुपये होतं. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला 18 टक्के जीएसटी लागतो, तो धरून एकवीस हजार दोनशे चाळीस. पॉइंट्सवर घेतलेल्या खोलीला हा करही पाहुण्याच्या खिशातून जात नाही. बिलावर खोलीच्या ओळीत शून्य येतं. या शून्यापर्यंत पोचायला मात्र बरीच मंडळी कामाला लागलेली असतात.

बावीस लाखांचं शून्य

ठाण्याच्या या गृहस्थांनी तीस हजार पॉइंट्स मोजले होते. ते आले कुठून, हे त्यांनी लॉबीतल्या सोफ्यावर बसून मोठ्या उत्साहाने सांगितलं. किराणा, मुलीची फी, गाडीचा विमा, घरातला नवा फ्रिज, अगदी मित्रांबरोबरच्या जेवणाचं बिलसुद्धा. “बिल आलं की मी आधी कार्ड काढतो. बाकीच्यांनी मला यूपीआय करायचं. त्यांना वाटतं मी फार मोठ्या मनाचा आहे.”

हॉटेलच्या नावाचं भारतातलं पहिलं क्रेडिट कार्ड ऑगस्ट 2023 मध्ये एचडीएफसी बँक आणि मॅरिएट यांनी मिळून आणलं. वर्षाची फी तीन हजार रुपये आणि वर कर. कार्ड आलं तेव्हाचे नियम असे: मॅरिएटच्या हॉटेलांत खर्च केलेल्या दर दीडशे रुपयांना आठ पॉइंट्स; प्रवास, बाहेरचं खाणं आणि करमणूक यांच्यावर चार; बाकी सगळ्यावर दोन. हिशेब कागदावर मांडला तर मजेशीर निघतो. नुसत्या किराणा-कपड्यांच्या खर्चातून तीस हजार पॉइंट्स जमवायचे, तर साडेबावीस लाख रुपये खर्च करावे लागतात. शंभर रुपयांमागे परत येतात साधारण पंच्याण्णव पैसे, तेही एकवीस हजारांच्या खोलीत राहण्याची मुळात इच्छा असेल तर.

म्हणून या छंदातले पट्टीचे लोक एका कार्डावर थांबत नाहीत. नव्या कार्डाचा जॉइनिंग बोनस, ठरावीक खर्च पूर्ण झाला की मिळणारे जादा पॉइंट्स, बँकेचे पॉइंट्स हॉटेलच्या खात्यात वळवण्याचे दर, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. घरभाडं, पेट्रोल आणि वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांना बहुतेक बँकांनी पॉइंट्समधून वगळलंय, हेही. काहीजण एक्सेलची शीट ठेवतात. एका शीटमध्ये बायकोच्या कार्डाची जॉइनिंग तारीख होती, लग्नाची नव्हती.

पॉइंट्सची टांकसाळ

पॉइंट्सची ही कल्पना मूळची विमान कंपन्यांची. अमेरिकन एअरलाइन्सने 1 मे 1981 रोजी ‘अॅडव्हान्टेज’ ही योजना सुरू केली. सरकारने विमानभाड्यांवरचं नियंत्रण उठवलं होतं, सगळ्या कंपन्यांची सीट सारखीच होती, तेव्हा गिऱ्हाईक धरून ठेवायचं कसं, यावरचं ते उत्तर होतं. 1983 मध्ये हॉलिडे इन आणि मॅरिएट यांनी हीच युक्ती हॉटेलांत आणली. पुढे 1999 मध्ये स्टारवुडने, ज्यांच्याकडे शेरेटन, वेस्टिन, सेंट रेजिस ही नावं होती, जाहीर केलं की साधी खोली विकायला शिल्लक असेल तर ती पॉइंट्सवरही मिळेल. सणासुदीच्या तारखा बंद ठेवणार नाही. 2016 मध्ये मॅरिएटने स्टारवुडच विकत घेतली आणि 2019 मध्ये एकत्र झालेल्या योजनेला ‘बॉनव्हॉय’ असं नाव दिलं. तिचे सभासद आज वीस कोटींच्या वर आहेत.

एवढे पॉइंट्स जगभर वाटून कंपनीचं नुकसान होत नाही का? उलट आहे. बँका हे पॉइंट्स हॉटेल कंपनीकडून रोख पैसे देऊन विकत घेतात आणि मग कार्डधारकांना वाटतात. पॉइंट आज विकला जातो, खोली कधीतरी द्यायची असते, आणि काही पॉइंट्स तर कधीच वापरले जात नाहीत. बॉनव्हॉयच्या खात्यात सलग 24 महिने काही हालचाल झाली नाही, तर साठलेलं सगळं रद्द होतं.

या टांकसाळीची ताकद दिसली ती कोविडमध्ये. एप्रिल-मे 2020 मध्ये जगातली हॉटेलं ओस पडली होती. त्याच दिवसांत हिल्टनने अमेरिकन एक्सप्रेसला एक अब्ज डॉलरचे पॉइंट्स आगाऊ विकले. मॅरिएटने अमेरिकन एक्सप्रेस आणि जेपी मॉर्गन चेस यांच्याकडून मिळून 92 कोटी डॉलर उभे केले. तेव्हाच्या दराने सुमारे सात हजार कोटी रुपये. खोल्यांना कुलपं आणि त्या खोल्यांच्या वायद्यांची विक्री मात्र जोरात, असा तो काळ होता.

पाटी एकाची, इमारत दुसऱ्याची

आजींनी विचारलेला पुढचा प्रश्न जास्त नेमका होता. “मग या हॉटेलवाल्याला काय मिळालं?”

यासाठी हॉटेलवाला कोण, हे आधी पाहावं लागतं. दारावर ज्या कंपनीचं नाव असतं, तिची इमारत बहुधा नसते. मॅरिएटने 1993 मध्येच स्वतःचे दोन भाग केले: एका कंपनीकडे इमारती गेल्या, दुसरीकडे नाव आणि हॉटेल चालवण्याचा धंदा. आज मुंबई-पुण्यात हेच चित्र आहे. सहारचं जेडब्ल्यू मॅरिएट के. रहेजा समूहाच्या शॅले हॉटेल्सचं. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरचं जेडब्ल्यू मॅरिएट आणि येरवड्याचं रिट्झ-कार्लटन यांच्यामागे पंचशील आहे. आणि लोअर परळचं, जवळजवळ चारशे खोल्यांचं सेंट रेजिस फिनिक्स मिल्सच्या उपकंपनीचं.

फिनिक्स मिल 1905 ची. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि गिरणगावाचं पुढे काय झालं ते मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे. गिरणीच्या जागेवर आधी मॉल आला, मग हॉटेलचा मनोरा. तो 2012 च्या अखेरीस शांग्री-ला म्हणून उघडला, काही महिन्यांतच पॅलेडियम झाला आणि 2015 मध्ये सेंट रेजिस. मालक तोच, इमारत तीच, पाट्या तीन. सेंट रेजिस हे नाव 1904 साली न्यूयॉर्कमध्ये जॉन जेकब अॅस्टर चौथा या धनाढ्य माणसाने बांधलेल्या हॉटेलचं. तो पुढे टायटॅनिकवर गेला. प्रत्येक मजल्याला बटलर ही या नावाची खासियत, आणि ती आता परळमध्येही मिळते.

पाटी आणि मालक यांच्यातलं अंतर कधीकधी उघडं पडतं. जून 2021 मध्ये मुंबई विमानतळाजवळचं हयात रीजन्सी बंद झालं, कारण इमारतीच्या मालक कंपनीकडून पगाराला पैसे येईनासे झाले होते. हयात ही जागतिक कंपनी तिच्या जागी सुखरूप होती.

पॉइंट्सचा हिशेब या दोघांमध्ये चालतो. पाहुणा रोख पैसे देऊन राहिला की त्याच्या बिलाचा ठरावीक टक्का इमारतीचा मालक योजनेच्या मध्यवर्ती निधीत भरतो. पाहुणा पॉइंट्सवर आला की त्याच निधीतून हॉटेलला पैसे मिळतात. किती, ते त्या रात्री हॉटेल किती भरलंय यावर ठरतं. निम्म्या खोल्या रिकाम्या असतील तर खोली साफ करण्याचा, चादरी-टॉवेलांचा, साबण-शांपूचा खर्च निघेल आणि वर थोडं उरेल इतकंच. हॉटेल जवळजवळ पूर्ण भरलेलं असेल तर त्या दिवसाच्या सरासरी भाड्याच्या आसपास रक्कम मिळते. म्हणजे पावसाळ्यातल्या मंगळवारी पॉइंट्सवाला पाहुणा हॉटेलला फारसा परवडत नाही, पण रिकाम्या खोलीपेक्षा बरा. गच्च भरलेल्या शनिवारी तो चक्क फायद्याचा ठरू शकतो.

हॉटेलांत रेव्हेन्यू मॅनेजर नावाचा एक माणूस असतो. तो लॉबीत सहसा दिसत नाही. पोडियमच्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून पुढच्या नव्वद दिवसांच्या तारखा बघत असतो. साध्या खोल्या पॉइंट्सवर द्यायच्या, हा नियम त्याला पाळावा लागतो. पण ‘साधी खोली’ कुठली, हे ठरवण्यात मोकळीक असते. विसाव्या मजल्यावरची, समुद्राकडची, त्याच मापाची खोली ‘प्रीमियम’ म्हटली की ती वेगळ्या वर्गात गेली.

मुहूर्त असला की

पूर्वी प्रत्येक हॉटेलची एक श्रेणी असे आणि श्रेणीप्रमाणे पॉइंट्सचा दर बांधलेला असे. जाणकारांचा सगळा खेळ यावरच होता: रोखीचं भाडं तिप्पट झालेल्या रात्री पॉइंट्सच्या जुन्या दरात घुसायचं. मॅरिएटने 2022 पासून हे तक्ते मोडीत काढले. आता पॉइंट्सचा दर भाड्याबरोबर वरखाली होतो.

समजा, जुलैमधल्या साध्या रात्रीला खोली करासह एकवीस हजारांची आणि तीस हजार पॉइंट्सची आहे. पॉइंटला सत्तर पैसे पडले. डिसेंबरमध्ये लग्नाचा मुहूर्त निघाला, त्याच खोलीचं भाडं बत्तीस हजार झालं, करासह पावणेअडतीस. पॉइंट्स मागितले जातात पंचावन्न हजार. पॉइंटला पुन्हा सत्तरच्या आतबाहेर. पाहुण्याने कितीही डोकं लढवलं तरी पारडं फार झुकत नाही. जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा आसपासच्या हॉटेलांचे दर काही पटींनी चढले होते. अशा तारखांना साध्या खोल्या आधीच संपलेल्या असतात आणि पॉइंट्सच्या शोधात पडद्यावर ‘उपलब्ध नाही’ एवढंच उमटतं.

यातूनही फटी निघतात. पॉइंट्सवर सलग पाच रात्री घेतल्या तर सगळ्यात स्वस्त रात्रीचे पॉइंट्स माफ होतात. भाड्याच्या मानाने पॉइंट्सचा दर काही शहरांत अजून हलका लागतो. मॅरिएटच्या कार्डाबरोबर वर्षाला मिळणारी पंधरा हजार पॉइंट्सपर्यंतची मोफत रात्र मुंबईच्या आलिशान हॉटेलांत क्वचितच बसते, पण लहान शहरातल्या बेताच्या हॉटेलात छान खपते.

ज्यांना या बुद्धिबळात रस नाही, त्यांच्यासाठी सरळ योजनाही आहेत. फ्रेंच कंपनी अकोरमध्ये 2,000 पॉइंट्स म्हणजे 40 युरो, केव्हाही, कुठेही. ताज हॉटेलांत टाटांचं न्यूकॉइन चालतं आणि एक कॉइन म्हणजे एक रुपया. तिथे हुशारीला वाव नाही आणि धोकाही कमी. फोर सीझन्सने तर पॉइंट्सची योजनाच कधी काढली नाही. वरळीच्या त्यांच्या हॉटेलात राहायचं तर पैसेच मोजावे लागतात.

धोका काय असतो, हे भारतातल्या कार्डवाल्यांना 2023 मध्ये कळलं. अॅक्सिस बँकेचं मॅग्नस हे कार्ड या मंडळींचं लाडकं होतं. महिन्याला एक लाख खर्च केला की 25,000 जादा पॉइंट्स, आणि पाच पॉइंट्सचे चार करून हॉटेल किंवा विमान कंपनीकडे नेता येत. 1 सप्टेंबर 2023 पासून जादा पॉइंट्स बंद झाले, पाचाचे चारऐवजी दोन झाले आणि वर्षाची फी दहा हजारांवरून साडेबारा हजारांवर गेली. रांगा कुठे लागल्या नाहीत, मोर्चे निघाले नाहीत. एका तारखेनंतर हजारो लोकांची साठवण निम्मी झाली, कारण ही नाणी पाडणाराच त्यांची किंमत ठरवतो आणि त्याच्यावर रिझर्व्ह बँकेसारखं कोणी बसलेलं नाही. तेव्हापासून या वर्तुळात एकच सल्ला ऐकू येतो: साठवू नका, उडवा.

नाश्ता कोणाला

ठाण्याच्या कुटुंबाला चौदाव्या मजल्यावरची खोली मिळाली. नातीने आधी बाथटब पाहिला, मग पडद्यांचं रिमोट. आजींनी मिनीबार उघडला, बदामाच्या लहानशा पाकिटावरची किंमत वाचली आणि दार लावून घेतलं. घरून आणलेल्या चकल्यांचा डबा टेबलावर आला.

हाउसकीपिंगच्या माणसाला कोण पॉइंट्सवर आलंय आणि कोण पैशांवर, हे कळत नाही. त्याच्या यादीत खोलीचा नंबर, पाहुण्याचं नाव आणि सभासदाचा दर्जा एवढंच असतं. हॉटेलातली खरी जात या दर्जाची. बॉनव्हॉयमध्ये वर्षाला 10 रात्री राहिलं की सिल्व्हर, 25 ला गोल्ड, 50 ला प्लॅटिनम, 75 ला टायटॅनियम. सगळ्यात वर अॅम्बॅसडर: 100 रात्री आणि 23,000 डॉलरचा खर्च. प्लॅटिनमपासून पुढे जेडब्ल्यू मॅरिएटसारख्या ठिकाणी लाउंज उघडतं, नाश्ता मिळतो, दुपारी चारपर्यंत खोली ठेवता येते. त्याच छत्राखालच्या रिट्झ-कार्लटनमध्ये मात्र दर्जावर ना लाउंज ना नाश्ता.

या रात्री बहुतेक कंपनीच्या पैशांनी झालेल्या असतात. वर्षभर चेन्नई, गुरुग्राम, बंगळुरू करणारा सल्लागार ऑफिसच्या खर्चाने प्लॅटिनम होतो, दर डॉलरला मूळ दहा पॉइंट्स आणि वर पन्नास टक्के जादा मिळवतो आणि मे महिन्यात बायको-मुलांना घेऊन गोव्याला जातो. संध्याकाळी सहाच्या लाउंजमध्ये तो ओळखू येतो. कबाब कुठल्या टेबलावर येणार हे त्याला माहीत असतं आणि रात्रीचं जेवण तिथेच उरकतं.

सिल्व्हर दर्जाच्या ठाणेकरांना नाश्ता नव्हता. माणशी दीड हजाराच्या घरातला बुफे चौघांना सहा हजारांना पडला असता. रविवारी सकाळी आठ वाजता ते सगळे खाली उतरले, दरवानाने दार उघडलं, टॅक्सीसाठी विचारलं. टॅक्सी नको होती. दहा मिनिटं चालत जाऊन परळच्या एका उपाहारगृहात उपमा, मिसळ आणि चार चहा झाले. बिल साडेतीनशेच्या आतलं. परत येऊन बारापर्यंत पूल.

दोन टक्के

शेवटचा धागा हॉटेलपासून पाच-सहा किलोमीटरवर, लोहार चाळीत सापडतो. विजेच्या सामानाच्या या बाजारात क्रेडिट कार्ड पुढे केलं, की दुकानदार मान वर न करता सांगतो, “कार्डला दोन टक्के वर.”

हे दोन टक्के म्हणजे पॉइंट्सचा झरा. कार्डाने पैसे घेतले की दुकानदाराच्या रकमेतून साधारण तेवढी फी कापली जाते. तिचा मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो आणि त्यातला काही भाग पॉइंट्सच्या रूपाने गिऱ्हाइकाकडे येतो. बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर जानेवारी 2020 पासून दुकानदाराला अशी फीच नाही. म्हणून त्यावर हॉटेलची रात्रही मिळत नाही. फी वसूल करणारे दुकानदार ती उघड मागतात, बाकीचे भावात मिसळतात. भावात मिसळली की रोख देणाऱ्या बाईच्या पिशवीतही तिचा अंश जातो.

बँकेचं दुसरं उत्पन्न बिल पूर्ण न भरणाऱ्यांकडून येतं. भारतात थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की कार्डांच्या बक्षिसांपायी त्या देशात दर वर्षी सुमारे 15 अब्ज डॉलर कमी शिकलेल्यांकडून जास्त शिकलेल्यांकडे आणि गरीब वस्त्यांतून श्रीमंत वस्त्यांत सरकतात.

लोहार चाळीतल्या त्या दुकानदाराला हे सगळं समजावून सांगायची गरज नव्हती. गिऱ्हाइकांच्या कार्डाला तो नाक मुरडतो, पण स्वतः दोन मोठ्या कंपन्यांकडून घेतलेल्या वायर आणि स्विचचे पैसे कार्डानेच भरतो. महिन्याला आठ-दहा लाख, आणि तारखेच्या आत पूर्ण. गल्ल्याजवळच्या ड्रॉवरमधून त्याने तीन कार्डं काढून दाखवली, एक धातूचं. “दिवाळीनंतर मुलीला घेऊन गोवा. चार रात्रींचे पॉइंट्स टाकले होते,” तो म्हणाला, “मग कळलं पाचवी माफ आहे, तर एक दिवस वाढवला.” तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, कार्ड हातात घेऊन. दुकानदाराने यूपीआयच्या क्यूआर कोडकडे बोट दाखवलं.